गाडीतून उतरायची शिकवणी

शिकायला आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी मी गाडी चालवू देत नाही. त्याला चपला-बूट काढायला लावतो आणि ज्या वाटेनं गाडी न्यायची त्या वाटेनं अनवाणी चालवत नेऊन आणतो. लोकांना हे आवडत नाही. नवीकोरी गाडी, काळा चष्मा आणि मोबाइलवर शूटिंग करायला एक मेहुणा असा सरंजाम घेऊन आलेला माणूस घोट्याएवढ्या चिखलात उभा राहिला, की भरल्या पंगतीतून उठवल्यासारखा चेहरा करतो. निम्मे दुसऱ्या दिवशी येतच नाहीत. उरलेल्यांना मी शिकवतो.

संपादकबाईंचा फोन आला, की तुमच्या व्यवसायातले अनुभव दिवाळी अंकासाठी लिहून द्या. तेव्हा पहिली अडचण ही आली, की याला व्यवसाय म्हणायचं तरी काय. धारमधले लोक मला विचारतात, "दत्तू भिया, सुना है गाड़ी सिखाते हो?" मी म्हणतो, "हां, जहां रोड नी है वहां चलाना." आपल्याकडे जिथे रोड आहे आणि जिथे नाही त्यांत एवढा काय फरक, की त्याची वेगळी शिकवणी लावावी, असं त्यांच्या मनात असतं. ते अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही.

आमचे पूर्वज दरबारच्या घोडदळाबरोबर इकडे आले ते खोगिरं शिवायला. घोडे गेले, खोगिरं गेली, वडिलांनी जीपच्या सीटा शिवल्या आणि मी त्या सीटवर बसून तीस-बत्तीस वर्षं सरकारी जीप चालवली. आमचं खातं पाण्याचे सर्वे करायचं. जिथे तलाव बांधायचा तिथे रस्ता नसे, म्हणून आधी आम्ही जायचो. रिटायर झालो आणि त्याच सुमारास इंदूरकडच्या हौशी लोकांच्या गाड्या सुटीच्या दिवशी मांडूच्या आसपास फसायला लागल्या. दोघा-चौघांना बाहेर काढलं, चार गोष्टी सांगितल्या, आणि बघता बघता मास्तर झालो. एका मित्राची धारबाहेर मांडूच्या वाटेवर पडीक जमीन आहे. तिच्यात मुरमाची एक चढण, थोडी काळी माती आणि एक नाला. माझी शाळा ती एवढीच.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या गाडीची दोन चाकं ओढतात, या गाड्यांची चारही ओढतात. जुन्या जीपमध्ये त्यासाठी गिअरच्या शेजारी एक छोटी दांडी असते. ती आणखी ओढली, की गाडी मुंगीच्या चालीनं पण बैलाच्या ताकदीनं चालते. स्टिअरिंग धरताना अंगठे बाहेर ठेवायचे, कारण चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि आत अडकलेला अंगठा मोडतो. उतारावर ब्रेकला पाय लावायचा नाही, पहिल्या गिअरवर गाडीला आपली आपण उतरू द्यायचं. काळ्या मातीत फसलात तर अॅक्सिलरेटर म्हणजे फावडं, जितका दाबाल तितका खड्डा खोल. आणि पाणी दिसलं की थांबायचं आणि उतरून बघायचं. गाडीत दोघं असतील तर चालवणाऱ्यानं पाय कोरडे ठेवायचे, कारण ओला तळवा क्लचवरून सटकतो. उतरायचं दुसऱ्यानं. शिकवणी चालू असते तेव्हा हा दुसरा म्हणजे मी.

हे सगळं तोंडी सांगून कुणाला पटत नाही. बदनावर गावचे एक सोयाबीनचे व्यापारी माझ्याकडे आले होते. त्यांनी गाडी घेतली होती, कारण त्यांच्या व्याह्यांनी घेतली होती. मला म्हणाले, "भिया, चारों चक्के चल रहे हैं तो फंसेगी कैसे?" मी वाद घातला नाही. त्यांना काळ्या मातीत उभं केलं. पाय मांडीपर्यंत गेला नाही, पण निघायला दोन माणसं लागली. मी विचारलं, "सेठ, आपका वजन?" म्हणाले, "नब्बे किलो." म्हटलं, "और गाड़ी बीस क्विंटल." मंडीतल्या माणसाला क्विंटलात सांगितलं की बाकी काही समजवावं लागत नाही. तो गृहस्थ आज माझ्या उत्तम विद्यार्थ्यांपैकी आहे. पावसाळ्यात गाडी घराबाहेर काढत नाही.

आता उतरण्याचा एवढा आग्रह का, त्याची एक गोष्ट आहे. खात्यात आमचे एक साहेब होते. साहेब गाडीतून उतरत नसत. साइट आली की काच खाली करून तलावाची जागा बघायचे आणि काच वर करायचे. एकदा पावसाळ्यात मांडूखालच्या एका नाल्याशी आलो. मी गाडी थांबवून दाराला हात घातला, तर मागून आवाज आला, "दत्तू, मीटिंग है. टाइम खराब मत करो, चलो." चलो म्हटलं की चालणारी आमची ड्रायव्हरची जात. मधोमध गेलो, पुढचं चाक खाली गेलं आणि इंजिन पाणी पिऊन बंद पडलं. साहेबांनी फायली छातीशी धरल्या आणि पाय सीटवर घेतले. मी कमरेएवढ्या पाण्यात उतरलो, पाठ वाकवली आणि साहेबांना पाठुंगळी घेऊन काठावर नेऊन ठेवलं. काठावर उतरल्यावर त्यांनी आधी आपले बूट बघितले. कोरडे होते. मग मला म्हणाले, "पहले उतर के देखना चाहिए था ना?"

ही गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो, साहेबांच्या आवाजाची नक्कल करून. लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला साहेबांचा राग आला त्याहून जास्त स्वतःचा आला होता. त्यांना नाला ठाऊक नव्हता. मला होता, आणि तरी मी उतरलो नाही.

डॉक्टर मृणाल माझ्याकडे आली ती मागच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला. जनावरांची डॉक्टर, तिशी नुकतीच ओलांडलेली. सासर देवासचं, नोकरी आमच्या जिल्ह्यात, मांडूच्या डोंगराखालच्या गावांसाठी. मी विचारलं, "बाई, तुम्हाला हे कशाला शिकायचंय? तुमच्या हापिसाला गाडी असेल की." म्हणाली, "आहे. महिन्यातून दोनदा मला मिळते." डोंगरातल्या वस्त्यांना इकडे फलिया म्हणतात. तिथली गुरं काही गाडीची पाळी बघून आजारी पडत नव्हती. आदल्या वर्षी एक गाय अडली होती. मृणाल भरलेल्या नाल्याच्या अलीकडे उभी, गाय पलीकडच्या फलियात, आणि मालक फोनवर विचारत होता, "मैडम, अब क्या करूं?" ती सांगत राहिली, तो करत राहिला. शेवटी तो म्हणाला, "रहने दो मैडम, गई." हे सांगताना तिनं डोळ्यांत पाणी वगैरे आणलं नाही. फक्त म्हणाली, "काका, मला नाला ओलांडता आला पाहिजे."

तिच्याबरोबर तिचे सासरे आले होते, आबासाहेब. देवासला जुन्या काळी एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. आबासाहेबांचं घराणं थोरल्या पातीचं, हे ते ओळख झाल्यावर दुसऱ्या वाक्यात सांगतात. पहिल्या वाक्यात नाव. माणूस वाईट नाही. बोलणं इतकं जुन्या वळणाचं, की ऐकत राहावं. सून त्यांना अजून मामंजी म्हणते. पण सुनेनं चिखलातून गाडी हाकत रानात जावं हे त्यांना साफ नामंजूर होतं. तिची देवासला टेबलावर बदली व्हावी म्हणून त्यांनी स्वतः शाईच्या पेनानं, वळणदार अक्षरात अर्ज लिहून ठेवला होता. फक्त तिची सही राहिली होती. तो अर्ज त्यांच्या जाकिटाच्या खिशात असायचा.

सासरा-सुनेत ठराव असा झाला होता, की गणपती होईपर्यंत तिनं शिकायचं. विसर्जन झालं की आबासाहेब स्वतः मागच्या सीटवर बसून त्या गायीच्या फलियापर्यंत जाणार. नीट नेलं तर अर्ज फाडायचा, वाटेत फसलं तर सही. मृणालचा नवरा पुण्याला कम्प्युटरवर काम करतो. त्याचं मत विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही दोघं ठरवा." ठराव एकतर्फी होता, पण तिनं मान्य केला, कारण जीप आबासाहेबांची होती.

जीपबद्दल सांगायलाच हवं. कुठल्याशा लिलावात घेतलेली जुनी फोर बाय फोर. रंग असा चकचकीत, की त्यात बघून भांग पाडून घ्यावा. दसऱ्याला तिची पूजा व्हायची, झेंडूचा हार पडायचा, देवासच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत एक फेरी व्हायची आणि ती परत झाकून ठेवायची. चार चाकांची ती छोटी दांडी मी हलवून बघितली तर जाम. आबासाहेब म्हणाले, "ती होय? आम्ही तिला छत्री अडकवतो." तेल घालून ती सोडवायला मला एक अख्खी सकाळ लागली. पुढच्या बंपरवर मधोमध एक पितळी पाटी होती, घराण्याचं नाव आणि खाली ढाल-तलवार. चिंचेनं घासून लखलखीत ठेवलेली.

आबासाहेब धारला मुक्कामालाच आले. म्हणत, गाडी एकटी पाठवत नाही. रोज मागच्या सीटवर बसत. त्यांची एक सवय माझ्या लगेच लक्षात आली. ते दार स्वतः उघडत नसत. आजोबांच्या वेळी त्यासाठी माणूस होता म्हणे. माणूस गेला, सवय राहिली. गाडी थांबली की ते समोर बघत शांत बसून राहायचे, आणि मृणाल फिरून जाऊन दार उघडायची. मग ते म्हणायचे, "असू दे, असू दे," आणि उतरायचे. साहेबांची गोष्ट त्यांनी पहिल्या दिवशी ऐकली. मग माझ्याकडे आणखी दोन नवे शिकाऊ वेगवेगळ्या दिवशी आले तेव्हाही ऐकली. तिन्ही वेळा त्यांना हसू आलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्ही काळ्या मातीत फसलो. शिकताना एकदा फसावंच लागतं. माझी दुसरी जीप समोर कोरड्या जागी उभी होती, दोर होता, पाच मिनिटांचं काम. मी बंपरखाली हुक शोधायला वाकलो तर हुक नेमका त्या पितळी पाटीमागे.

म्हटलं, "आबासाहेब, पाटी काढावी लागेल."

"पाटी काढायची नाही. मागून ओढा."

"मागे नाला आहे."

"मग बंपरला बांधा."

मी सांगितलं, बंपर उखडून आला तर दोराबरोबर तो तोफेच्या गोळ्यासारखा येतो, आणि समोर मी असतो. ते म्हणाले, "दत्तोबा, ती पाटी आमच्या आजोबांच्या वेळची आहे. ती समोरच राहते." मातीत जीप हळूहळू खाली बसत होती, आणि आत घराण्याचा मान राखत आबासाहेब बसले होते. दोघांपैकी कोण आधी तळ गाठतंय ते बघायची माझी तयारी होती. शेवटी मृणालनं माझ्या पेटीतून दहा नंबरचा पाना घेतला, चार नट काढले, पाटी ओढणीनं पुसली आणि मागचं दार उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "मामंजी, नाव तुमच्याजवळ राहू द्या. मला हुक हवाय."

त्या दिवसापासून पाटी बंपरवर परत लागली नाही. रोज ते ती मांडीवर घेऊन बसत. माझ्या मनात आलं, याला म्हणतात मालमत्तेची ने-आण.

मृणाल शिकत गेली. सगळ्या शिकाऊंना मी सांगतो, घाई असेल तर सायकल घ्या. तिला सांगावं लागलं नाही. अडलेल्या गायीच्या पोटात हात घालणाऱ्या बाईला हळू जाण्याचा अर्थ कळतो. गौरी-गणपती येईपर्यंत ती चढणीवर गाडी बंद पाडून मागे न घसरता परत चालू करायला लागली होती. मला तिचा फार अभिमान वाटायला लागला होता, आणि अभिमान वाटायला लागला की मास्तर बिघडतो.

माझं बिघडणं गुडघ्यांपासून सुरू झालं. दोन्ही गेलेत. जीप उंच असते. उतरताना मला दाराला धरून आधी डावा पाय लोंबकळत सोडावा लागतो, मग काठी टेकवून उजवा. परत चढताना तर कुणी तरी खालून आधार द्यावा लागतो. मृणालसमोर त्याचं काही वाटत नव्हतं. आबासाहेबांसमोर वाटायचं. मांडीवर पाटी घेऊन तो माणूस ताठ बसलेला, आणि मी, दरबाराच्या खोगिरवाल्याचा वंशज, त्याच्यासमोर दारात लोंबकळणार. म्हणून मी उतरणं हळूहळू कमी केलं. आधी खिडकीतून काठीनं दाखवायला लागलो. मग नुसत्या बोटानं. मग तोंडानं. काठी माझी खास होती, पाण्याची खोली मोजायची, गुडघ्याच्या उंचीवर तिला लाल चिंधी बांधलेली. गणपतीपर्यंत तिचं काम चालताना टेकायचं एवढंच उरलं होतं. मृणालनं एकदा विचारलं, "काका, बरं नाहीये का?" मी म्हटलं, "आता तू शिकलीस. मी उतरायची गरज नाही."

विसर्जनानंतर दोन दिवसांनी आम्ही निघालो. त्या फलियात गुरांना खुरकुतीची लस टोचायची होती. बर्फाच्या पेटीत लस, मृणाल चालवायला, मी शेजारी, मागे आबासाहेब, त्यांच्या मांडीवर पाटी, खिशात अर्ज. डोंगराची उतरण तिनं पहिल्या गिअरवर अशी उतरवली, की पेटीतला बर्फसुद्धा हलला नसेल. मी आरशात बघितलं तर आबासाहेब खिडकीबाहेर दरीकडे बघत होते, आणि त्यांचा एक हात खिशावर होता.

मग नाला आला. तोच, जिथे मी साहेबांना पाठुंगळी घेतलं होतं, आणि जिथे आदल्या वर्षी मृणाल फोन धरून उभी होती. पाणी गढूळ, दहा-बारा पावलं रुंद, वाहायला संथ. पलीकडे चढावर फलियातली माणसं गुरं धरून उभी असलेली दिसत होती.

मृणालनं गाडी थांबवली आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "चल. सरळ."

"काका, बघायचं नाही?"

"या नाल्याला मी तू जन्मायच्या आधीपासून ओळखतो. आत्ताच्या दिवसांत गुडघाभर असतं. चल, लोक वाट बघतायत."

तिनं चावी फिरवून इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. पाण्याचा आवाज यायला लागला. ती रागावली नव्हती, पण सँडलचा पट्टा सोडायला लागली.

"मग मी बघून येते," ती म्हणाली.

मला खूप लागलं ते. चालवणाऱ्यानं पाय ओले करायचे नाहीत, हे मीच तिला शंभर वेळा सांगितलेलं. ती ते विसरली नव्हती. गाडीत दुसरं कुणी उतरणारं नाही, एवढंच ती धरून चालली होती. मी दाराला हात घातला. गुडघ्यात कळ गेली, मागे आबासाहेब बसलेत हे आठवलं, आणि हात तिथेच राहिला.

"सूनबाई, थांब," मागून आवाज आला.

आता अर्ज निघणार, असं मला वाटलं. आबासाहेब सवयीनं क्षणभर समोर बघत बसले, कुणी दार उघडेल म्हणून. कुणी उघडलं नाही. मग खट् असा आवाज झाला. त्या जीपचं मागचं दार त्यांनी आतून उघडल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

ते माझ्या खिडकीशी आले. "तू पाय कोरडे ठेव, तुला क्लच दाबायचा आहे," ते तिला म्हणाले. "बघायचं काम मोकळ्या माणसाचं. दत्तोबा, काठी द्या. आणि हे जरा धरा." त्यांनी पाटी माझ्या मांडीवर ठेवली, बूट-मोजे काढून काठावर नीट जोडीनं मांडले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठी टेकवत, अगदी मी शिकवतो तसं, पाय घासत पाण्यात उतरले.

चार पावलांपर्यंत पाणी लाल चिंधीच्या खाली होतं. मी म्हणणारच होतो, बघा, सांगितलं नव्हतं? पाचव्या पावलाला आबासाहेब छातीपर्यंत खाली गेले.

मृणाल ओरडली. सुदैवानं काठी त्यांच्या हातात होती. ती आडवी टेकवून ते एका अंगानं सरकत वर आले, उभे राहिले, खोकले. पलीकडच्या काठावरून एक जण हात हलवून सांगायला लागला, "उधर मत जाओ, जेसीबी ने मुरम निकाला, गड्ढा है!" मला ते कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं, मी विचारलंच नव्हतं. माझ्या ओळखीचा नाला उन्हाळ्यातच खणून गेला होता, आणि जीपचं तोंड सरळ त्या खड्ड्याकडे होतं. आत लस, ती पोरगी आणि तिची नोकरी.

आबासाहेब डावीकडे सरकले. काठी टेकवत, पाय घासत पलीकडच्या काठापर्यंत गेले आणि तिथून आमच्याकडे तोंड करून दोन्ही हात डोक्यावर धरून उभे राहिले. गाडीला वाट दाखवायची ही माझीच खूण. त्यांनी ती मागच्या सीटवरून शिकली होती. "डावीकडून घे, सूनबाई. सावकाश. घाई असेल तर सायकल घ्यायची," ते म्हणाले.

मृणालनं छोटी दांडी ओढली आणि त्यांच्या दोन हातांकडे बघत जीप पाण्यात घातली. पाणी चिंधीएवढंच होतं. तिनं ना गिअर बदलला ना नजर. काठावर आल्यावर इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून थोडा वेळ तशीच बसली. तिचे अंगठे तेव्हाही बाहेर होते.

आबासाहेबांनी जाकिटाच्या खिशातून अर्ज काढला. घडी उलगडली. निळ्या शाईचं सगळं मिळून एक तळं झालं होतं. त्यांनी तो बघितला, पिळला नाही, फाडलाही नाही. गरम बॉनेटवर वाळत घातला. नंतर मृणाल गुरांना सुया टोचायला लागली आणि गुरांच्या कानातले नंबर कुणी तरी लिहून घ्यायला हवे होते, तेव्हा त्यांनी तोच कागद उचलला आणि कोरड्या झालेल्या मागच्या बाजूला नंबर मांडायला सुरुवात केली. पेन तेच, अक्षर तेच. मृणालनं ते बघितलं, आणि एका वासरामागे तोंड लपवून तिनं डोळे पुसले.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. मी अजून गाडीतच होतो. आबासाहेब निथळत्या अंगानं माझ्या बाजूला आले आणि त्यांनी माझं दार उघडलं. खोगिरवाल्याच्या वंशजासाठी, पहिल्यांदाच. माझी मांडी, पाटी आणि पाय यांच्याकडे त्यांनी नीट बघून घेतलं. म्हणाले, "दत्तोबा, पाठीवर घेऊ का?"

तीनदा ऐकूनही न हसलेला तो माणूस तेव्हा हसला. मीही हसलो, पण मला फार लाज वाटली. त्यांच्या खांद्याला धरून मी उतरलो, डावा पाय लोंबकळत, मग उजवा. बघायला फलिया जमलं होतं. त्यांना काय दिसलं असेल ते मला आता कळतं. गाडी चालवून घामाघूम झालेली एक बाई, नखशिखांत भिजलेला एक म्हातारा, आणि दुसऱ्यानं दार उघडल्यावर उतरलेला, हातात ढाल-तलवारीची पितळी पाटी घेतलेला एक कोरडा माणूस. एका घरातून ताबडतोब खाट आली. ती माझ्यासाठी झाडाखाली टाकली गेली. "बैठो साब," म्हणाले. एका बाईनं कपात चहा आणून मला दिला, मग नंबर लिहीत बसलेल्या आबासाहेबांकडे बोट दाखवून हळूच विचारलं, "साब, आपके डिरेवर को भी दे दूं?"

मी तोंड उघडायच्या आत आबासाहेब कागदावरून मान वर न करता म्हणाले, "दे दो बाई. शक्कर कम."

मी खाटेवर बसून चहा प्यायलो. खाली बघितलं. माझे बूट कोरडे होते.